बघायला ठेवलेले हात

प्रति,
हस्तकला प्रदर्शने, मेळे आणि संग्रहालये यांचे आयोजक व संचालक यांस,

विषय : लेसकामाच्या जाहीर प्रात्यक्षिकांबाबत



हस्तकलेच्या प्रदर्शनात विक्रीच्या मांडणीशेजारी एखाद्या कारागिराला बसवून ‘प्रत्यक्ष काम पाहा’ असा फलक लावण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. कुंभाराचे चाक किंवा विणकराचा माग यांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी सफल होते, कारण तेथील हालचाल मोठी असते आणि मातीच्या गोळ्याचे मडके होताना मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसते. लेसकामाला हीच पद्धत जशीच्या तशी लावली की ती फसते, कारण हे काम मिलिमीटरच्या मापाने, मान खाली घालून आणि बोटांच्या आड चालते. दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला त्यातले काहीच कळत नाही. त्याला दिसते ती फक्त खाली मान घालून बसलेली एक बाई. ‘केवढी ही चिकाटी’ असे म्हणून तो पुढच्या गाळ्याकडे वळतो आणि कलेचे म्हणून मांडलेले प्रात्यक्षिक प्रत्यक्षात त्या बाईचे होऊन बसते. या व्यवस्थेतील उणिवा क्रमाने मांडाव्यात आणि त्यांवरचे साधे, परवडणारे उपाय आपल्यापुढे ठेवावेत, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

प्रथम शब्दाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मराठीत ‘लेस’ म्हटले की मॅचिंग सेंटरमध्ये मीटरवर मिळणारी, साडीच्या किंवा परकराच्या काठाला शिवायची यंत्रावरची पट्टी डोळ्यांपुढे येते. हस्तकलेच्या परिभाषेत मात्र लेस म्हणजे धाग्याइतकेच मधल्या मोकळ्या जागांनाही महत्त्व देऊन घडवलेली जाळीदार वीण होय. भरतकामात कापड आधी असते आणि नक्षी त्यावर नंतर येते; लेसमध्ये पायाला कापड नसतेच, तर नक्षी आणि तिला धरून ठेवणारी जाळी ही दोन्ही एकाच धाग्यातून उभी राहतात. सुईने टाका टाका रचत जाणाऱ्या प्रकाराला सुईची लेस म्हणतात आणि त्याच्या एका आरंभीच्या रूपाला इटालियन भाषेत ‘पुंतो इन आरिया’, म्हणजे ‘हवेतला टाका’, असे समर्पक नाव आहे. अनेक बॉबिनांवर गुंडाळलेले धागे एकमेकांवरून नेऊन जी विणली जाते ती बॉबिन लेस. यांखेरीज आकड्याच्या सुईने केलेली क्रोशाची लेस आणि छोट्या धोट्याने गाठी मारत केलेले टॅटिंग हेही प्रकार आहेत. काटेकोर अभ्यासक पहिल्या दोन प्रकारांनाच खरी लेस मानतात. तथापि रुखवतातील रुमाल, ताटाभोवतीची महिरप, दारावरचे तोरण आणि बाळाचे टोपरे या रूपांनी महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचलेली लेस क्रोशाचीच असल्याने येथे चारही प्रकारांचा एकत्र विचार केला आहे.

प्रात्यक्षिक म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावरील एक घटना उपयोगी पडते. सुईच्या लेससाठी एके काळी युरोपभर नाव असलेल्या या बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ती कला जवळजवळ लोपली होती आणि चेंचा स्कार्पारिओला या नावाने ओळखली जाणारी एक वृद्ध स्त्रीच काय ती जुनी पद्धत जाणत होती. १८७२ मध्ये कला पुन्हा उभी करण्याच्या हेतूने तेथे शाळा सुरू झाली, तेव्हा अशी अडचण उद्भवली की चेंचाला काम येत होते, पण ते शब्दांत समजावून सांगता येत नव्हते. तोडगा म्हणून आन्ना बेलोरियो देस्ते ही गावातील शिक्षिका तिच्या शेजारी बसली, तिचे हात पाहून टाके शिकली आणि मग तिने ते इतरांना शिकवले. ती शाळा पुढे सुमारे शतकभर चालली आणि आज त्या जागी लेसचे संग्रहालय आहे. या घटनेत कला तगली ती जुन्या जाणत्या बाईला लोकांपुढे बसवल्यामुळे नव्हे. तिच्या शेजारी बसून पाहणारे, पाहिलेले करून बघणारे आणि नंतर ते शब्दांत मांडणारे कोणीतरी होते म्हणून ती तगली. आजच्या प्रदर्शनांत चेंचासाठी जागा राखली जाते, आन्नासाठी राखली जात नाही, आणि पुढील सर्व तक्रारींचे मूळ याच एका उणिवेत आहे.

पहिली तक्रार दिसण्याविषयी आहे. पांढऱ्या चादरीने झाकलेल्या टेबलावर पांढऱ्या धाग्याची लेस आणि डोक्यामागून येणारा प्रखर दिवा अशी मांडणी अनेक ठिकाणी आढळते. तिच्यात कारागिराच्या स्वतःच्या हाताची सावली कामावर पडते आणि जाळीची भोके, म्हणजे लेसचा प्राणच, चादरीच्या पांढऱ्या रंगात बुडून जातो. वीज नसलेल्या काळातही लेस करणाऱ्या स्त्रियांनी यावर उपाय शोधला होता: इंग्लंडमध्ये मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवून तिचा प्रकाश नेमका कामावर एकवटला जाई आणि एकाच मेणबत्तीभोवती अनेक जणी बसून विणत असत. आज त्यासाठी कामाखाली गडद निळे किंवा काळे कापड, बाजूने येणारा एक दिवा आणि स्टँडवरचे एक भिंग एवढेच लागते. याच्या जोडीला तोच टाका जाड, रंगीत दोरीने दहापट मोठा करून दाखवणारा एक नमुना ठेवावा. बॉबिन लेसच्या बाबतीत असा नमुना किती उपकारक ठरतो, हे तिची क्रिया पाहिली की लक्षात येते. भुसा किंवा पेंढा ठासून भरलेल्या कठीण उशीवर नक्षीबरहुकूम टोचलेला जाड कागद बसवलेला असतो. बॉबिन म्हणजे गळ्याशी धागा गुंडाळलेली, साधारण पेन्सिलीएवढी लाकडी काडी. अशा चार बॉबिन, म्हणजे दोन जोड्या, एका वेळी हातात येतात. मधल्या दोहोंपैकी डावी उजवीवरून नेली की ‘काट’ होते. मग प्रत्येक जोडीतली उजवी डावीवरून नेली की ‘पीळ’ होतो. टाका जागच्या जागी राहावा म्हणून कागदाच्या छिद्रात टाचणी रोवली जाते आणि हात पुढच्या दोन जोड्यांकडे सरकतो. शेकडो बॉबिन लोंबत असलेली अतिशय गुंतागुंतीची लेसही मुळात याच दोन हालचालींच्या पुनरावृत्तीने घडते. हे रहस्य चार रंगांच्या चार दोऱ्यांनी शाळकरी मुलालाही समजावता येते. तसे ते न समजावल्याने मात्र प्रेक्षकाच्या पदरी केवळ बॉबिनांचा खडखडाट पडतो.

दुसरी तक्रार अशी की प्रदर्शनात तयार वस्तू भरपूर असतात, पण त्या घडण्याचे टप्पे मात्र कोठेच नसतात. पुरा झालेला टेबलक्लॉथ आपण कसा झालो हे लपवतो; अर्धवट राहिलेला तुकडा ते उघड करतो. क्रोशाच्या एका साध्या फुलाचे पाच तुकडे ओळीने मांडून पाहावेत: नुसत्या साखळीचा, ती साखळी गोलात जोडलेला, त्या गोलात खांबांची, म्हणजे उभ्या टाक्यांची, पहिली फेरी घातलेला, पाकळ्या फुटू लागलेला आणि पूर्ण फुलाचा. ज्याने आयुष्यात कधी सुई धरलेली नाही, अशा माणसालाही या पाच तुकड्यांतून कृतीचा क्रम वाचता येतो. यांच्या शेजारी एक चुकलेला तुकडाही अवश्य ठेवावा, कारण एक खांब कमी पडल्याने पुढच्या फेरीत फूल कसे वाकडे होते हे पाहिल्याखेरीज मोजणीचे महत्त्व पटत नाही. टप्प्यांच्या मांडणीमुळे आणखी एक गोष्ट साधते. लेस बहुधा एकाच हातची नसते: बुरानोच्या परंपरेत नक्षी, आखणी, जाळी, जोडणी अशी कामे वेगवेगळ्या स्त्रियांत वाटलेली असत, आणि आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या क्रोशाकामातही सुटी फुले करणाऱ्या व ती एकमेकांना जोडणाऱ्या स्त्रिया वेगवेगळ्या असत. गाळ्यावर बसलेली एकच बाई पाहून समोरची वस्तू तिने एकटीने केली असा जो समज होतो, तो इतर सर्व हातांवर अन्याय करणारा आहे.

तिसरी तक्रार कामाच्या मोबदल्याविषयी आहे. प्रात्यक्षिक करणाऱ्या स्त्रीला गाळा मोफत दिला म्हणजे तिचा मोबदला चुकता झाला, अशी समजूत आढळते. वस्तुतः हात बॉबिनवर असताना तिला गिऱ्हाईक बघता येत नाही आणि गिऱ्हाईक बघायला उठली तर प्रात्यक्षिक थांबते, त्यामुळे विक्रीवर अवलंबून ठेवलेले प्रात्यक्षिक दोन्ही बाजूंनी तोट्यात जाते. व्याख्यात्याला मानधन देताना त्याच्या पुस्तकांच्या विक्रीचा हिशेब कोणी करत नाही, तोच न्याय येथेही लागू व्हावा आणि प्रात्यक्षिकाच्या दिवसाचे मानधन आधी ठरवून, विक्रीशी न जोडता दिले जावे. त्याचबरोबर विक्री सांभाळण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीची सोय असावी, दर दीड-दोन तासांनी विश्रांती असावी आणि पाठीला आधार देणारी खुर्ची असावी. या मागण्या चैनीच्या नाहीत. मान, डोळे आणि मनगट ही या कामाची खरी अवजारे आहेत आणि त्यांची काळजी घेणे हा प्रात्यक्षिकाच्या खर्चाचाच भाग आहे.

चौथी तक्रार वेळ आणि किंमत यांच्या ताटातुटीची आहे. ‘हे करायला किती वेळ लागतो?’ हा प्रश्न प्रत्येक प्रात्यक्षिकात विचारला जातो आणि ‘खूप’ या उत्तरावर संपतो. फ्रान्समधील आलाँसों येथील सुईच्या लेसचा युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्या लेसच्या एका चौरस सेंटीमीटरला सुमारे सात तास लागतात आणि ती पूर्णपणे आत्मसात करायला सात ते दहा वर्षे जातात. म्हणजे दहा चौरस सेंटीमीटरच्या एका तुकड्यामागे सत्तर तास आले, हा हिशेब समोर मांडला की किमतीविषयी घासाघीस करणारा माणूसही क्षणभर थांबतो. क्रोशाचा वेग याहून कितीतरी अधिक आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणूनच सरसकट ‘खूप’ न म्हणता प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर किमतीखाली कामाचे तास लिहावेत. याच संदर्भात यंत्राच्या लेसचा प्रश्न येतो. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट याने १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८१६ मध्ये लफबरो येथील त्याच्या कारखान्यातील ५५ यंत्रे हल्लेखोरांनी फोडली. तथापि यंत्रे त्यामुळे थांबली नाहीत आणि आज बाजारातील बहुतांश लेस यंत्राचीच असते. तिच्याविषयी कोणतीही तक्रार नाही. तक्रार आहे ती हाताच्या कामाचे प्रात्यक्षिक एका टेबलावर आणि यंत्राच्या मालावर ‘हातकाम’ ही चिठ्ठी दुसऱ्या टेबलावर, या प्रकाराविषयी. आयोजकांनी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून भिंगातून त्यांचा फरक दाखवण्याची सोय केली, तर गिऱ्हाइकाची फसवणूक टळेल आणि प्रात्यक्षिकाला एक चांगला पाठही मिळेल.

पाचवी तक्रार भाषेची आहे. ‘गृहिणींनी फावल्या वेळात जोपासलेला छंद’ अशा शब्दांत या कामाची ओळख करून दिली जाते. ज्यांच्यासाठी तो छंद आहे त्यांच्याबाबत हे वर्णन खरे आहे आणि छंद कमी प्रतीचा असतो असेही नाही. परंतु तेच शब्द पोट भरण्यासाठी विणणाऱ्या स्त्रीला लावले की तिचे श्रम अदृश्य होतात. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर लिहिलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रिया परदेशी बाजारपेठेसाठी घरी बसून दिवसाचे कित्येक तास काम करत होत्या. तथापि त्यांना ‘घरी बसणाऱ्या गृहिणी’ मानले जात असल्याने ते काम कामात धरले जात नव्हते आणि मजुरी अत्यल्प राहात होती, असे मीस यांनी त्यात दाखवून दिले. मध्यस्थ आणि व्यापारी यांच्या हिशेबात लेसला किंमत होती, विणणारीला नव्हती. म्हणून विनंती अशी की फलकावर कारागिराचे नाव, तिचे गाव आणि ती किती वर्षे हे काम करते हे तिच्या संमतीने लिहावे, समूहाचे काम असेल तर समूहाचे नाव लिहावे, आणि ‘फावला वेळ’ हा शब्दप्रयोग तिने स्वतः वापरला तरच वापरावा.

सहावी तक्रार पाहणाऱ्याच्या रिकाम्या हातांविषयी आहे. लेसचे ज्ञान डोळ्यांपेक्षा बोटांत अधिक असते. धागा किती ताणायचा हे पाहून कळत नाही, तो एकदा सैल आणि एकदा घट्ट ओढून पाहावा लागतो. तरीही ‘हात लावू नये’ हा फलक विक्रीच्या मालाबरोबर सरावाच्या साहित्यालाही लावला जातो. प्रत्येक प्रात्यक्षिकाशेजारी दोन जोड्या बॉबिन आणि एक छोटी उशी, किंवा जाड सूत आणि मोठ्या आकड्याची क्रोशाची सुई, एवढे साहित्य प्रेक्षकांसाठी ठेवावे आणि निदान दहा मिनिटे कोणालाही बसून करू द्यावे. मुलगे आणि पुरुष यांनाही आवर्जून बोलवावे, कारण हे काम बायकांचेच असा नियम धाग्याने केलेला नाही. वीस साखळ्या स्वतः घातलेला माणूस नंतर टेबलक्लॉथकडे वेगळ्या नजरेने पाहतो. त्याला कौतुक करायला सांगावे लागत नाही.

या ठिकाणी दोन आक्षेप संभवतात आणि त्यांचा विचार करणे न्यायाचे आहे. पहिला आक्षेप कारागिरांकडूनच येतो: सगळे उघड करून दाखवले तर नक्षी चोरीला जाईल. या भीतीला इतिहास आहे. सतराव्या शतकात फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने १६६५ मध्ये राजाश्रयाने लेसचे कारखाने उभारताना व्हेनिसच्या कारागीर स्त्रियांना आपल्याकडे वळवले आणि कौशल्याच्या या पळवापळवीमुळे व्हेनिसचे राज्यकर्ते संतापले. पण याच इतिहासाला दुसरी बाजूही आहे. झुरिक येथे १५६१ च्या सुमारास छापल्या गेलेल्या बॉबिन लेसच्या नमुन्यांच्या एका पुस्तकात ‘आर. एम.’ एवढ्या आद्याक्षरांनीच ओळखल्या जाणाऱ्या शिक्षिकेने सांगितले आहे की १५३६ मध्ये इटलीकडच्या व्यापाऱ्यांनी ही लेस तेथे आणली आणि हुशार स्त्रियांनी ती पाहून तशीच विणली, पुढे तिच्याहून सुंदरही केली. स्वतःला येणारे नमुने छापून त्या शिक्षिकेने ते सर्वांना खुले केले. मराठी घरांतील क्रोशाचा प्रवासही असाच झालेला आहे: शेजारणीकडून नमुना मागून आणायचा, खांब मोजून तो उतरवून घ्यायचा आणि मूळ तुकडा परत करताना आपला एखादा नवा नमुना सोबत द्यायचा. टाका सर्वांचा असतो, रचना एखाद्याची असते, हा भेद आयोजकांनी पाळावा: टाके खुलेपणाने शिकवावेत, पण नव्या रचनेचे छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी मागावी आणि रचनाकाराचे नाव नोंदवावे. दुसरा आक्षेप आयोजकांचा असतो: गर्दीच्या प्रदर्शनात एवढा वेळ आणि एवढी जागा कोण देणार? त्याचे उत्तर असे की जेथे प्रात्यक्षिके अर्थपूर्ण ठरली तेथे त्यांच्यामागे शिकवण्याची व्यवस्था आहे. स्लोव्हेनियातील इद्रिया या पाऱ्याच्या खाणीच्या गावात लेसची शाळा १८७६ मध्ये सुरू झाली आणि आजही तेथे मुले बॉबिन घेऊन बसतात. बेल्जियममधील ब्रूज येथील लेस केंद्र जुन्या लेसशाळेच्या इमारतीतच आहे आणि तेथे लेस करणाऱ्या स्त्रियांचे काम जवळून पाहता येते. अशा ठिकाणी पाहून भारावलेल्या माणसाला पुढे कोठे जायचे हे तेथल्या तेथे कळते. आपल्या प्रदर्शनांत निदान वर्गाचा पत्ता, साहित्य मिळण्याचे ठिकाण आणि पहिल्या पाच टाक्यांची मराठीतील एकपानी पत्रिका एवढे तरी प्रेक्षकाच्या हाती पडावे.

त्या पत्रिकेच्या निमित्ताने शेवटची मागणी नोंदवणे आवश्यक आहे. क्रोशाचे मराठी शब्द घडलेले आहेत आणि ते अत्यंत चित्रमय आहेत: साखळी, खांब आणि खांबाहून बुटका ‘मुका खांब’. हे शब्द आजवर प्रामुख्याने तोंडी आणि वह्यांच्या मार्जिनमध्ये जगले आहेत. कितीतरी घरांत जुन्या वहीच्या पानांवर टाचलेले क्रोशाचे नमुने आहेत, आणि त्यांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेली खांबांची संख्या नमुन्याच्या धाग्याहून आधी पुसट होत आहे. संग्रहालयांनी प्रात्यक्षिकांच्या दिवशी अशा वह्या घेऊन येण्याचे आवाहन करावे, त्यांची छायाचित्रे घेऊन वह्या मालकिणींकडे परत द्याव्यात आणि शब्दांची, नमुन्यांची सूची तयार करावी. प्रात्यक्षिकातून संस्थेने समाजाला काही द्यायचे, ही एकेरी कल्पना त्यामुळे मागे पडेल आणि शिकण्याचा ओघ दोन्ही बाजूंनी वाहू लागेल.

वरील मागण्यांतील प्रत्येक मागणीला खर्चाचे आणि जागेचे कारण सांगून उद्या टाळता येईल, याची जाणीव ठेवूनच हे पत्र लिहिले आहे. म्हणून ज्यांना यांपैकी एकच गोष्ट करणे शक्य आहे, त्यांनी पुढच्या प्रदर्शनात प्रात्यक्षिक करणाऱ्या स्त्रीच्या समोर नव्हे तर शेजारी, तिच्याच बाजूने, एक रिकामी खुर्ची ठेवावी. समोरून पाहणाऱ्याला हातांची हालचाल उलटी दिसते; शेजारी बसणाऱ्याला ती आपल्याच हातांसारखी सुलटी दिसते. आन्ना बेलोरियो देस्ते ज्या जागेवरून शिकली ती जागा हीच, आणि ती मांडून ठेवायला एका खुर्चीपलीकडे काहीही लागत नाही.

आपण या सूचनांचा विचार कराल, अशी अपेक्षा आहे. 

आपला नम्र,
हस्तकलेचा एक अभ्यासक